जमिनीचं पोट बघायला निघालेली माय

माझी माय सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी दगा दिलेली, लातूरच्या पलीकडं कधी हौसेनं न गेलेली बाई. तिला परदेशात जाऊन ज्वालामुखी बघायचा होता. हे मी माझ्या मेसवर जेवायला येणाऱ्या पोरांना सांगितलं तेव्हा ती सगळी वरणाच्या वाट्या हातात धरून हसत सुटली. लातूरात शिकवणीला आलेली पोरं ती, फिजिक्स-केमिस्ट्रीनं डोकं पिकलेली. त्यांना हसायला नुसतं निमित्त लागतं. मी म्हणलं, हसा, खुशाल हसा, पण ताटात काही टाकायचं नाही. हसू मलाही आलं असतं. पण ती कामून जायचं म्हणते हे मला ठाऊक होतं, आणि त्याचीच मला धास्ती होती.

झालं असं की माझी पोरगी इंडोनेशियात, सुराबाया नावाच्या शहरात कापडाच्या कंपनीत नोकरीला लागली. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल. माय त्या दिवशी मुद्दाम लातूरला यायची. एकदा पोरगी म्हणाली, आजी, इथून जवळ एक डोंगर आहे, ब्रोमो म्हणतात त्याला, त्याचं तोंड उघडं आहे, काठावर उभं राहून आत बघता येतं. माय फोनला नाक लावून बसली होती. म्हणाली, "आत म्हंजे कुठं आत? जमिनीच्या पोटात?"

"हो आजी. पोटातच."

"मग मी येते."

मला वाटलं म्हातारी नातीची मजा करतेय. कसली मजा! दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, "पासपोर्टाला काय काय लागतंय?" मी चिडले, ओरडले, तुझे गुडघे, तुझं बीपी, तिथली थंडी, सगळं मोजून दाखवलं. ती ऐकून घेते आणि करायचं तेच करते. हा गुण माझ्यात कुठून आला ते सांगायला नको.

आमच्याकडं भूकंप म्हणलं की कोणता, हे कुणी विचारत नाही. एकच. आमचं गाव त्यात गेलं. मी तेव्हा लातूरला मावशीकडं शाळेला होते म्हणून वाचले. बाबा शेतात राखणीला होते म्हणून वाचले. पुढं काही वर्षांनी दुखण्यानं गेले. धाकटा भाऊ वाचला नाही. गणपती विसर्जनाची रात्र होती. मिरवणुकीत नाचून दमलेला, गुलालानं माखलेला, तसाच तो अंगणातल्या बाजेवर आडवा झाला. माय म्हणाली, दव पडून राहिलंय, आत झोप. तो नको नको म्हणत होता. तिनं दंडाला धरून उठवलं आणि आत नेऊन झोपवलं, दगडी भिंतींच्या, वर मातीचं जड माळवद असलेल्या घरात. पहाटे म्हैस उगाच ओरडायला लागली म्हणून ती गोठ्यात गेली आणि तिच्या पाठीमागं घर बसलं.

हे मायनं मला कधीच सांगितलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी, जीव ठिकाणावर नसताना, ती मावशीपाशी बोलून गेली आणि मावशीनं मला सांगितलं. मायला वाटायचं हे कुणालाच माहीत नाही, मला तर नाहीच नाही. मीही तसंच वाटू दिलं. दिवसभर पोरांवर खेकसणारी बाई मी, पण हा एक विषय काढायची माझी छाती झाली नाही.

त्यानंतर सरकारनं नव्या जागेवर गाव वसवलं, घर दिलं. त्या पक्क्या घरात माय ज्वारीची पोती ठेवते. स्वतः पुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपते. उशाशी पालथा पेला, त्यावर तांब्या, तांब्यावर वाटी, वाटीवर चमचा. जमीन हलली की भांडी पडणार, भांडी पडली की पळायचं. आमच्या भागात त्या काळात घरोघरी असं रचून ठेवायचे. बाकीच्यांनी कधीच सोडून दिलं, हिनं सोडलं नाही. गणपतीही त्या सालापासून घरात नाही. मी लातूरच्या फ्लॅटवर राहायला ये म्हणून भांडून भांडून थकले. येते, जेवते, संध्याकाळच्या एसटीनं परत. मी म्हणायचे स्लॅबचं भ्या. ती म्हणायची, तसंच समज.

तर अशी बाई जमिनीच्या पोटात बघायला निघाली होती. तिला तिथं काहीतरी विचारायचं होतं, किंवा काहीतरी टाकून यायचं होतं, हे मला तिच्या तोंडावरून कळत होतं. आणि दगड-माती काही बोलत नाही. तिथून रिकाम्या मनानं परत आली तर ही पुढं कशी जगणार, एवढंच माझ्या डोक्यात घोळत होतं.

शेवटी मीही तिच्याबरोबर निघाले. हैदराबादहून विमान. माय खिडकीशी बसली, उडताना डोळे मिटले नाहीत, उलट माझाच हात घट्ट धरून म्हणाली, घाबरू नको. सुराबायाला पोरीचं घर बाराव्या मजल्यावर. तिथं ती गॅलरीत झोपली. मी म्हणलं, माय, बाराव्या मजल्यावरची गॅलरी, इमारत पडली तर ती काय हवेत राहणार आहे? तर म्हणे, "पडंल की. पर माझ्या डोक्यावर तर न्हाई पडणार." पोरगी हसून हसून लोळली. मी पण हसले, पण मला झोप लागली नाही.

दोन दिवसांनी गाडी करून डोंगराकडं निघालो. रस्ता चढायला लागला तशी हवा गार झाली आणि दोन्ही बाजूंना शेतं आली. शेतं म्हणजे भिंतीवर लावल्यासारखी! इतक्या उतारावर कांदा, कोबी, बटाटा. माणसं पाठीला टोपली बांधून त्या कड्यावर सरळ उभी राहून खुरपत होती. माय काचेला चिकटली. "अगं माय माय, हितून घसरलं तर थेट खालच्या गावात! आन माती बघ की." गाडी थांबवायला लावली, उतरली, मूठभर माती उचलून चुरगाळली. काळीभोर, पण आपल्या काळ्या रानासारखी चिकट नाही, भुसभुशीत, राखेची. पोरगी म्हणाली, आजी, डोंगरातून राख उडते, ती पडून पडून ही माती झाली, म्हणून एवढं पिकतं. माय म्हणाली, "म्हंजे मारतंय बी त्यो आन खाऊ बी त्योच घालतंय." आणि हात झाडून गाडीत बसली.

मुक्काम डोंगराच्या कडेवरच्या गावात होता. लाकडी भिंती, वर पत्रा. मायनं मान वर करून पत्रा बघितला आणि खूश. "हे ब्येस हाय." पेला, तांब्या, वाटी, चमचा पिशवीतनं निघाले. विमानात सामान जास्त होतंय म्हणून मी तिची दोन लुगडी काढून ठेवली होती, आणि हिनं भांडी आणली होती! म्हातारी मालकीणबाई चहा घेऊन आली, तिनं तो मनोरा बघितला. पोरीनं तिला तिच्या भाषेत समजावलं. त्या बाईनं मायकडं बघून मान हलवली आणि आपल्या छताला टांगलेली एक घंटा दाखवली. हललं की वाजते म्हणे. दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडं बघत राहिल्या. भाषा एक नाही, देश एक नाही, पण भ्या एकच. मायनं तिला आपल्याजवळचा शेंगदाण्याचा लाडू दिला.

पहाटे जीपनं वर नेलं. सूर्योदय बघायची ती जागा, कठडा केलेला, माणसं दाटीवाटीनं उभी, सगळ्यांचे फोन वर. थंडी अशी की दात वाजत होते. माय लुगड्यावर नातीचं जाड जाकीट, डोक्याला माझा स्कार्फ, हातात तिचेच मोजे घालून उभी. समोर काहीच दिसत नव्हतं. मी मनात म्हणलं, एवढ्या लांब अंधार बघायला आलो काय!

मग उजाडायला लागलं, आणि माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. खाली दरी नव्हतीच, नुसता ढग. भगुन्यात दूध वर येऊन थांबावं तसा तो काठापर्यंत भरलेला. त्या ढगातून एक डोंगर वर आला, अंगावर लुगड्याच्या निऱ्या घातलेला. त्याच्या शेजारी दुसरा, त्याला टोकच नाही, टोकाच्या जागी मोठं तोंड, आणि तोंडातून पांढरा धूर सरळ वर चाललेला. आणि त्या दोघांच्या मागं, लई मागं, एक एवढा थोरला डोंगर की मला आधी तो ढगच वाटला. आम्ही बघत असतानाच त्याच्या शेंड्यातून राखेचा एक गोळा निघाला, आवाज नाही काही नाही, हळूच वर गेला आणि फुगत फुगत विरला. थोड्या वेळानं पुन्हा एक. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी देवळात गेले तरी चपलेकडं लक्ष ठेवणारी बाई, पण तिथं माझे हात आपोआप जोडले गेले. आपण किती एवढेएवढेसे आहोत, आणि किती आवाज करत असतो!

पोरगी आजीला समजावत होती. "आजी, हे सगळं मिळून पूर्वी एकच मोठा ज्वालामुखी होता. आपण उभ्या आहोत ना, तो त्याचाच काठ. मधलं सगळं खाली बसलं."

"बसलं म्हंजे?"

"कोसळलं. आतली आग बाहेर निघून गेली, पोट रिकामं झालं, वरचा डोंगर खाली बसला."

"एवढा डोंगर?"

"हो."

"कुणी काय केलं म्हणून?"

"कुणी काही नाही केलं, आजी. आपोआप. आपल्या लातूरखालचा काळा दगड आहे ना, तोही असाच कधीकाळी आगीसारखा वाहत आलाय."

"आपलं घर त्याच दगडाचं होतं," माय म्हणाली. मग कठडा सोडून जीपकडं चालायला लागली.

जीप त्या ढगातून खाली उतरली. खाली काळ्या वाळूचं मैदान. झाड नाही, झुडूप नाही. इकडून तिकडं नुसती वाळू आणि चहूकडं डोंगराची भिंत. तिथून पुढं चालत किंवा घोड्यावर. मायला चालणं शक्य नव्हतं आणि घोडा मंजूर नव्हता. "या वयात मला घोड्यावर बसवून राहिलीस, लोक काय म्हणतील?" मी म्हणलं, इथं कोण तुझ्या भावकीतलं उभं आहे? शेवटी घोडेवाल्यानं आणि मी मिळून बसवली. लुगडं सावरत, खोगीर दोन्ही हातांनी धरून, वरातीतल्या नवरदेवासारखी ताठ. पोरगी फोटो काढायला लागली तसं ओरडली, "फोटू गावाकडं पाठवलास तर बघ!" आणि लगेच मान सरळ करून फोटोसाठी बघितलंही.

घोडा पायऱ्यांपाशी थांबला. वर सिमेंटच्या पायऱ्या, राखेनं अर्ध्या बुजलेल्या. आणि आवाज. इथपर्यंत मी वाऱ्याचा समजत होते, तो वाऱ्याचा नव्हता. डोंगरातून येत होता. मोठ्या कार्यात आचाऱ्याच्या भट्ट्या एकदम पेटवल्या की घूं होतं, तसा, पण थांबायचं नाव नाही. पायाखालची पायरी थरथरत होती. मला वाटलं, झालं, आता माय इथूनच मागं फिरणार. ती उभी राहिली. चप्पल काढली, तळवा पायरीवर टेकवला, थोडा वेळ तशीच. "हलून राहिलंय," म्हणाली. मी म्हणलं, हाव, परत जायचं का? तिनं चप्पल घातली आणि कठडा धरून चढायला लागली. दर चार पायऱ्यांना बसली, पाणी प्याली, शिव्या घातल्या, मला, गुडघ्यांना, पायऱ्या बांधणाऱ्याला. पण चढली. खाली उतरणारी परदेशी पोरं तिला वाट देत होती, एकानं टाळ्या वाजवल्या तर ही त्याच्यावरच डाफरली, "काय तमाशा हाय का?"

वर पोचलो. समोर कठडा, कठड्यापलीकडं धूर. डावीकडं काठाकाठानं पायवाट गेलेली, दोन माणसं जेमतेम मावतील एवढी. एका बाजूला वाळूचं मैदान खोल खाली, दुसऱ्या बाजूला ते तोंड. पोरगी अंगात दम आहे म्हणून त्या वाटेनं पुढं गेली. मी मायला धरून कठड्याकडं वळवलं, आणि ती एकदम थबकली.

काठावर गणपती बसलेला होता.

दगडाचा, राखेनं मळलेला, कमरेला पिवळं फडकं, पुढं वाळलेली फुलं आणि कुणीतरी ठेवलेली कोबीची पानंबिनं. इथले डोंगरातले लोक आपल्यासारखेच हिंदू, त्यांनी बसवलेला. पोरीला माहीत होतं, पण तिनं मुद्दाम सांगितलं नव्हतं, आजीला सरप्राइज म्हणून! मला तिला तिथल्या तिथं धपाटा घालावासा वाटला. त्या रात्रीपासून मायनं ज्याचं तोंड बघितलं नव्हतं, तो समोर येऊन बसला होता.

माय त्याच्याकडं बघत राहिली. मग कंबरेवर हात ठेवून, भावकीतल्या कुणाला सुनवावं तशी, म्हणाली, "हितं येऊन बसलास व्हय रे? आम्ही तुला पाण्यात पोचवून आलो, पुढच्या वर्षी लवकर ये म्हणलो, आन तू हितं?" आवाजात तिचे शब्द अर्धे बुडत होते. "कव्हापासून बसलायस? ह्या आगीच्या तोंडावर? उठता येत न्हाई व्हय तुला?" तो कुठं उठणार! त्याच्या सोंडेवर राख साचली होती. मायनं पदराचं टोक घेतलं, त्याची सोंड पुसली, डोळे पुसले, कान पुसले. म्या देवाला चांगल्या शिव्या देणार व्हते, असं काहीतरी पुटपुटली आणि त्याच्या पायापाशी डोकं टेकलं.

मग ती कठड्याशी आली. मी तिच्या मागं, तिच्या जाकिटाचा पट्टा मुठीत घट्ट धरलेला. वारा फिरला, धूर बाजूला झाला आणि आत दिसलं.

काय सांगू? मी आयुष्यात एवढं खोल काही बघितलं नाही. भिंती पिवळ्या, राखाडी, करपलेल्या, खाली खाली जाऊन अरुंद होत गेलेल्या. तळाशी एक भोक, त्यातून धूर असा जोरानं येत होता की जणू आत कुणी ढकलतंय. गंधकाचा वास नाकातून थेट डोक्यात. आवाज कानाला ऐकू यायच्या आधी छातीत ऐकू येत होता. त्याला दिवस नाही, रात्र नाही, आम्ही आलो काय, गेलो काय, त्याला कशाचीच खबर नाही. मला भीती वाटली आणि भीतीपेक्षा मोठं काहीतरी वाटलं, ज्याला माझ्याकडं शब्द नाही. मी नुसती रडायला लागले. का, ते विचारू नका.

माय रडली नाही. ती आत बघत राहिली, पापणी न लववता. बऱ्याच वेळानं माझ्याकडं वळून ओरडून म्हणाली, कारण ओरडल्याशिवाय तिथं ऐकूच जात नव्हतं, "हे कुणाचंच ऐकत नसंल, न्हाई का?"

"न्हाई माय. कुणाचंच न्हाई."

ती पुन्हा आत बघायला लागली.

"म्या त्याला आत नेऊन झोपवलं," ती म्हणाली.

मला ओठांवरून कळलं. तिला वाटलं मला ऐकू आलं नाही. मग ती दम घेऊन, गळ्याच्या शिरा ताणून, त्या सगळ्या आवाजाच्या वर ओरडली, "दव पडून राहिलं व्हतं! त्यो नको म्हणत व्हता! म्या दंडाला धरून आत नेलं त्याला!"

शेजारची माणसं वळून बघायला लागली. कुणाला काय कळणार होतं!

"मला माहीत हाय, माय," मी ओरडले.

"काय माहीत हाय?"

"सगळं. मावशीनं सांगितलं व्हतं."

"कव्हा?"

"तव्हाच. त्याच आठवड्यात."

मायनं कठडा सोडला. त्या तोंडाकडं पाठ केली आणि माझ्याकडं बघितलं. इतकं निरखून तिनं मला कधी बघितलं नव्हतं. राख तिच्या भुवयांवर बसली होती.

"आन तरी तू मला माय म्हणत राहिलीस?"

मी "माय" एवढंच म्हणलं. त्या आवाजात तिला ऐकू गेलं नसेल असं वाटलं, म्हणून पुन्हा म्हणलं, मोठ्यानं, आणि मग पुन्हा.